दादीची चूल आणि हक्कसोडीचा कागद

मराठी मुसलमानांच्या घरगुती इतिहासाची साधने फार थोडी आहेत. नवाब-सरदारांची चार घराणी सोडली तर आपल्याकडे ना बखरी, ना वंशावळी, ना जपून ठेवलेल्या पत्रांचे गठ्ठे. गावगाड्यातल्या मुलाण्याला, आत्ताराला, तांबोळ्याला, पिंजाऱ्याला, शिकलगाराला कोण बखर लिहून देणार? जे काही सापडते ते सरकारी दप्तरात. कुठे मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेली इनाम जमीन, कुठे दर्ग्याच्या मुजावरीवरून झालेला तंटा. त्यातही नावे पुरुषांची. आमच्या दादीपुरते बोलायचे तर तिचे नाव सरकारी कागदावर तीनच ठिकाणी आढळते: मतदार यादीत, शिधापत्रिकेवर आणि हक्क सोडल्याच्या फेरफार नोंदीत. बाकीचे सारे आयुष्य चुलीपुढे गेले. तेव्हा तिचा इतिहास लिहायचा तर चूल हेच साधन मानले पाहिजे, आणि साधन म्हटले की त्याची छाननीही आलीच. आज्यांच्या हातच्या चवीवर आपल्या अंकांतून पुष्कळ लिहिले जाते. त्या चवीत कोणाचा हिस्सा शिजत होता, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

आमचे गाव इस्लामपूर. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला वाळवे तालुका, त्याचे हे ठाणे. जुन्या माणसांच्या तोंडी उरुण-इस्लामपूर असे जोडनाव. दादी लग्न होऊन आली तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दादी मात्र अखेरपर्यंत 'सातारा जिल्ला' असेच म्हणायची. २०२५ च्या जुलैत विधिमंडळात गावाचे नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा झाली. दादी १९९१ सालीच गेल्यामुळे ती तिच्या कानावर आली नाही. या लेखात तिच्या तोंडी होते तेच नाव आम्ही ठेवले आहे.

आमचे घर मुलाण्याचे. आज शहरातल्या मुलांना हा शब्द केवळ आडनाव म्हणून माहीत असतो, म्हणून थोडे सांगतो. दख्खनच्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार. मशिदीची झाडलोट, निकाह-मयताची कामे हे त्याचे एक अंग. दुसरे अंग गावाचे बकरे कापण्याचे. दसऱ्याला, जत्रेला, लग्नकार्यात बकरे पडायचे ते मुलाण्याच्या सुरीखाली. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरल्याशिवाय कित्येक मराठा घरांत मटण चुलीवर चढत नसे. हे कोणी सलोख्यासाठी मुद्दाम योजलेले नव्हते. सुताराने नांगर भरावा तसाच हा गावाचा रिवाज होता. त्याबद्दल सुगीला खळ्यावर बलुते मिळायचे. ज्वारीच्या पेंढ्या, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, गुऱ्हाळ चालू असले तर गुळाची ढेप. आणि कापलेल्या बकऱ्यातला मुलाण्याचा वाटा.

दादीच्या स्वयंपाकाची सगळी घडण या बलुत्यातून झाली. आपल्या मनात मुसलमानी खाणे म्हटले की बिर्याणी येते. दादीच्या चुलीवर बिर्याणी आम्ही कधी पाहिली नाही. तांदूळ हे पाहुण्याचे आणि सणाचे धान्य होते; तो शिराळ्याच्या बाजूने यायचा आणि शेरा-मापाने जपून वापरला जायचा. रोजची भाकरी शाळूची. काठवटीत पीठ मळायचे, तळहाताला पाणी लावून थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. चुलीच्या मुख्य तोंडावर तवा आणि वैलावर रश्शाचे पातेले. जळणाला तुरकाट्या, शेणी, आणि पुढे ऊस वाढला तेव्हा चिपाडे. वाट्याला येणारे मटण बहुधा चांगल्या तुकड्यांचे नसे. मुंडी, पाया, वजडी, फेफसे. त्यामुळे दादीचा खरा हातखंडा यात होता. वजडी चुन्याच्या पाण्याने धुऊन, खरवडून, पांढरीशुभ्र करून ती जो रस्सा करायची त्याची सर लग्नाच्या मटणाला येत नसे. पाया रात्रभर निखाऱ्यावर ठेवायची. सकाळी मुलांना भाकरी कुस्करून तो रस्सा. हे गरिबीचे खाणे होते. आता त्याला हॉटेलात भाव आला आहे, तो भाग वेगळा.

मसाला वर्षाचा एकदम व्हायचा, होळीनंतरच्या उन्हात. मिरची, धणे, सुके खोबरे, तीळ, खसखस, कांदा आणि लसूण. शेजारच्या मराठा घरातही हाच मसाला कुटला जायचा. फरक एवढाच की दादी त्यात शहाजिरे आणि थोडा दगडफूल जास्त घालायची. ही मिरची आणि हा भुईमूग दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आलेली पिके, म्हणजे आदिलशाहीच्या भरभराटीच्या वेळी आपल्या खापरपणज्या काळ्या मिरीवर आणि चिंचेवर काम भागवीत असणार. चिंच राहिली. दालच्यात दादी चिंच सढळ हाताने घालायची. चण्याची डाळ, दुधी भोपळा, हाडाचे तुकडे आणि चिंचेचा कोळ. सोबत बगाऱ्या भात. मोहरमला खिचडा. त्यासाठी खपली गहू उखळात पाणी लावून कांडायचा, पाखडायचा, पुन्हा कांडायचा. हे काम दोन सुना आणि शेजारच्या दोन बायका मिळून करायच्या, कारण खिचडा साऱ्या आळीला जायचा. त्याच दिवसांत चोंगे. गुळाच्या पाण्यात मळलेली कणीक, जाडसर लाटी, वर बोटांनी उमटवलेली नक्षी आणि तूप. चोंगे फक्त मुसलमानाच्या घरी होत असे कोणी समजू नये. आमच्या भागात पंजांना नवस बोललेल्या कितीतरी हिंदू घरांत ते होत. कडेगावचे उंच ताबूत पाहायला जाणाऱ्या गाड्यांत कोण हिंदू आणि कोण मुसलमान हे वरून कळत नसे.

रमजान ईदच्या आधी महिनाभर शेवया वळल्या जात. पाट खाटेला तिरका टेकवून त्यावर एकीने पिठाचा गोळा ओढायचा, दुसरीने खालून लांबत आलेल्या शेवया काठीवर झेलायच्या. ईदच्या सकाळी शिरखुर्म्याचे पातेले उतरले की पहिली वाटणी बाहेरची. जे आमच्या घरचे शिजलेले खात त्यांना वाटीतून, आणि जे खात नसत त्यांना कोरडा शिधा: शेवया, साखर, चार खारका, थोडी चारोळी. दादीला त्या भेदाचे वाईट वाटायचे का? विचारले तर ती म्हणायची, "उनका उनो पकाके खाते. अपना देना हुआ." दिवाळीला त्याच घरांतून फराळाचे ताट यायचे, आणि ते खायला आमच्याकडे कोणाची हरकत नसायची. हा व्यवहार एकाच बाजूने शिजलेला होता, हे आम्हांला शाळेत जायला लागल्यावर कळले.

इथवरची दादी सर्वांना आवडेल अशी आहे. आता घरातली वाटणी पाहू.

आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली, शेवटी सुना. नळी थोरल्या मुलाच्या ताटात. कलेजीचा तुकडा आजोबांना. मुलींच्या ताटात रस्सा जास्त, तुकडे कमी. फडताळाची किल्ली दादीच्या कमरेला. आमच्या मोठ्या चाचीला सासरी येऊन अकरा वर्षे झाली तरी मसाल्याची बरणी तिच्या हाती नव्हती. धाकटी सून, म्हणजे आमची अम्मी, शिकलेली म्हणून तिच्यावर वेगळा राग. पाहुणे आले की दादी मुद्दाम तिलाच वजडी धुवायला बसवायची. दोन्ही सुनांत दादीने कधी मैत्री होऊ दिली नाही. एकीचे मीठ जास्त झाले की ते दुसरीच्या तोंडून सर्वांना कळावे अशी तिची व्यवस्था असे. तिच्या सासूने तिच्याशी हेच केले होते, असे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना तिला त्यात वावगे काही वाटत नसे. आज आमच्या पिढीतल्या बहिणी 'दादीच्या हातचा दालचा' असे लिहून फोटो पाठवतात तेव्हा मोठी चाची गप्प असते. तो दालचा पंचवीस वर्षे तिनेच केलेला आहे. दादी वरून फक्त मीठ आणि चिंच घालायची.

दादीचे माहेर आष्ट्याच्या बाजूचे. वडिलांची नदीकाठची काळी जमीन, दोन भाऊ, ही एकटी बहीण. वडील वारले ते प्रतिसरकारच्या काळात. क्रांतिसिंह नाना पाटील आमच्याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे, त्यामुळे त्या धामधुमीच्या कथा घरोघरी आहेत. इस्लामपूरच्या कचेरीवर सप्टेंबर १९४२ मध्ये मोर्चा गेला आणि गोळीबार झाला, ही हकीकत दादी डोळ्यांसमोर घडल्यासारखी सांगायची. त्याच कचेरीत पुढे दीड-दोन वर्षांनी भाऊ तिला घेऊन गेले. बैलगाडीतून उतरवले, शाईच्या डबीत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला. येताना भावांनी तिला एक लुगडे आणि पाच शेर तांदूळ दिले. त्या तांदळाचा तिने काय केला ते तिला नेमके आठवायचे: अर्ध्याचा बगाऱ्या भात सासरच्यांना, अर्धा ईदसाठी झाकून. कागदावर काय लिहिले होते ते मात्र तिला कोणी वाचून दाखवले नव्हते, आणि तिने विचारलेही नव्हते. "मइके का दरवज्जा खुला रैना बोले तो अंगूठा देना पडता," एवढेच तिचे उत्तर.

खरे पाहता तिचा हिस्सा तिला कोणी मेहेरबानीने द्यायचा नव्हता. सूरह निसामध्ये तो सांगितलेला आहे: मुलाच्या निम्मा मुलीला, आणि मुलेबाळे असताना विधवेला आठवा. हिंदू बहिणीला कायद्याने १९५६ साली जे मिळू लागले, ते तत्त्वतः आपल्या बायकांना तेराशे वर्षे आधी मिळालेले, असे आपले वक्ते व्यासपीठावरून सांगतात, आणि ते खोटे नाही. पण कागद पाहिले तर वेगळी गोष्ट दिसते. १९३७ चा शरियत कायदा झाला तो रूढी बाजूला सारून शरियत लागू करण्यासाठी. आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचा प्रश्न वगळला गेला. शेतजमीन हा तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता हे एक कारण. बड्या जमीनदारांना बहिणी-मुलींची नावे जमिनीवर नको होती हे दुसरे. ज्या समाजाची बहुतेक मालमत्ता शेतजमीन, त्याच्या वारसा कायद्यातून शेतजमीनच बाहेर! मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती करून ती आत घेतली. हिंदू मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आणले. शरियत कायद्यातले ते शेतजमीन वगळणारे शब्द मात्र जिथल्या तिथे आहेत.

आपल्या सुधारणेच्या चळवळीचेही इथे थोडे चुकले असे आम्हांला वाटते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. तलाक, बहुपत्नीत्व यांवर बोलणे सुरू झाले ते फार धैर्याचे होते. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर तर सारा देश पोटगीवर बोलला. पण गावातल्या शंभर घरांपैकी तलाक एखाद-दुसऱ्या घरात. हक्कसोड जवळजवळ प्रत्येक घरात. तिच्यावर ना उलेमांनी जोर दिला ना सुधारकांनी. आणि या एका बाबतीत हिंदू शेजारी आणि आपण अगदी एका रांगेत आहोत. रक्षाबंधन असो की ईद, बहिणीने सही केलेली असली म्हणजे तिचे स्वागत चांगले होते.

१९५३ च्या कायद्याने गावाला उपयोगी सेवांची इनामे रद्द झाली. आमच्या आजोबांकडे मुलाणकीचा म्हणून जो तुकडा होता तो रक्कम भरून त्यांनी पुन्हा नावावर करून घेतला. आणखी काही जमीन कुळकायद्यात मिळाली. एकूण चार एकर. बलुते हळूहळू बंद झाले, बकरे कापणे हा रोखीचा धंदा झाला. दादीच्या चुलीवर वजडी कमी होऊन बाजारातले मटण येऊ लागले ते याच काळात. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा पूर्वेकडच्या जत-आटपाडीच्या मानाने आमच्याकडे बरे होते, तरी रेशनवर तांबडी मिलो आली. तिची भाकरी थापली की तुटायची. दादी त्या पिठात उकडलेली रताळी घालून ती जुळवायची. त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ दोन पोती शाळू घेऊन आला, आणि दादी दोन दिवस रडली. भाऊ बहिणीला विसरला नाही, हे सांगायला ती आळीभर फिरली. दोन पोती शाळू एका बाजूला आणि नदीकाठची काळी जमीन दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मांडायचे आमचे वय नव्हते. तिच्या मनाने तो कधीच मांडला नाही. तिचे ते रडणे खरे होते, हे नातवंडे म्हणून आम्ही विसरू शकत नाही.

मग ऊस आला. राजारामबापू पाटलांच्या पुढाकाराने साखराळ्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, नदीवरून पाण्याच्या योजना झाल्या, आणि ज्या जमिनीकडे कोणी पाहत नव्हते ती एकरावर मोजायची सोडून गुंठ्यावर मोजली जाऊ लागली. १९७६ साली आजोबा वारले. तलाठ्याने वारसांची नावे लावली: विधवा, दोन मुलगे, तीन मुली. चार एकर म्हणजे १६० गुंठे. शरियतप्रमाणे दादीचा आठवा हिस्सा २० गुंठे. उरलेल्या १४० गुंठ्यांचे सात भाग. मुलग्यांना दोन-दोन, मुलींना एक-एक. म्हणजे अब्बा आणि मोठे चाचा यांना ४०-४० गुंठे, तिन्ही फुफूंना प्रत्येकी २०. मशिदीच्या पेशइमामांनी हा हिशेब पाटीवर करून दाखवला, आणि दाखवून झाल्यावर स्वतःच म्हणाले की बहिणी समजूतदार आहेत, काही अडचण येणार नाही.

थोरली आणि धाकटी फुफू समजूतदार निघाल्या. मधली निघाली नाही. ती मिरजेला दिलेली. नवरा रेल्वेत हंगामी कामावर, घरात पाच पोरे. तिने सही करायला नकार दिला. बोलणे सोपे होते तिचे: अल्लाने दिलेला हिस्सा मी भावाला का सोडू? भावांजवळ याला उत्तर नव्हते. उत्तर दिले दादीने. "मैं दी, तुमें बी देव." तीन दिवस ती मुलीची समजूत घालत होती, आणि त्या तीन दिवसांत घरात जेवढा चांगला स्वयंपाक झाला तेवढा कोणाच्या लग्नातही झाला नसेल. दालचा, बगाऱ्या भात, गुळाच्या पोळ्या, खोबरे घातलेले सुके मटण. मधल्या फुफूच्या आवडीचे एकेक. चौथ्या दिवशी फुफू न जेवता उठून मिरजेच्या एस.टी.त बसली. त्यानंतर चौदा वर्षे ती आमच्या घराच्या उंबऱ्यावर आली नाही. तिला येऊ नको असे कोणी म्हटले नव्हते. फक्त कोणत्याही लग्नाचे, अकिक्याचे बोलावणे तिला गेले नाही.

दादीने स्वतःचे वीस गुंठे मुलग्यांच्या नावे करून दिले. त्याचे तिला काय मिळाले ते सांगितले पाहिजे. दोन वर्षांत भावाभावांचे बिनसले, चुली वेगळ्या झाल्या. आमच्याकडे चूल वेगळी होणे म्हणजे आधी शिधापत्रिका वेगळी होणे, कारण साखर तिच्यावर. दादीचे नाव मोठ्या चाचांच्या कार्डावर राहिले आणि तिची पाळी लागली: चार महिने इकडे, चार महिने तिकडे. ज्या बाईच्या कमरेला फडताळाची किल्ली होती तिला आता चाचीच्या स्वयंपाकघरात शिरताना खोकून शिरावे लागे. चाचीने तिला कधी उपाशी ठेवले नाही. पण मसाल्याची बरणी वरच्या फळीवर गेली, दादीचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. चाचीचा राग आम्हांला पटतो. दादीची अवस्थाही पाहवत नसे. शेवटी दादीने परसात, लिंबाच्या झाडाखाली, तीन दगडांची स्वतःची तिसरी चूल मांडली.

त्या तिसऱ्या चुलीचा धूर साऱ्या घराला दिसायचा आणि कोणी काही बोलत नसे. तिथे दादी वर्षातून पाच-सहा वेळा फक्त एका डब्यापुरते शिजवायची. मोहरमचा खिचडा, शबेबरातचा चण्याच्या डाळीचा हलवा, ईदचा शिरखुर्मा. पितळेचा तीन ताळांचा डबा, वर फडके बांधलेले. आम्हा नातवंडांपैकी कोणीतरी तो इस्लामपूरच्या स्टँडवर नेऊन मिरजेच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा. आष्टा, सांगली, मिरज. पलीकडे फुफूचा मुलगा उभा असायचा. जायच्या आधी दादी एकच निरोप द्यायची, "फुफू को बोल, डब्बा खाली नक्को भेजू." आणि डबा कधी रिकामा आला नाही. कधी शेंगा, कधी मिरजेच्या बाजारातली द्राक्षे, एकदा नुसतीच मूठभर साखर. त्या वर्षी फुफूचे बरे चालले नव्हते, हे दादीने साखरेवरून ओळखले आणि पुढचा डबा जड केला. पण सहीवरून माघार तिने कधी घेतली नाही. फुफूचे बरोबर होते असा एक शब्दही तिच्या तोंडून निघाला नाही. मोठ्या चाचांसमोर मुलीचे नाव काढणेही ती टाळायची. एका हाताने दार लावायचे आणि दुसऱ्या हाताने खिडकीतून डबा द्यायचा, असे चौदा वर्षे चालले.

मायलेकी भेटायच्या त्या कार्तिकात, संभूआप्पा-बुवाफनच्या उरुसात. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायचे तर संभूआप्पा हे कोष्टी समाजातले, आणि बुवाफन हे त्यांचे मुसलमान गुरू. या गुरुशिष्यांच्या नावाने इस्लामपुरात उरूस भरतो, आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्याला आपला मानतात. कोष्ट्याचा गुरू मुसलमान कसा, हा प्रश्न गावात कोणाला पडल्याचे आम्ही ऐकले नाही. उरूस साऱ्या गावाचा, त्यामुळे तिथे कोणी कोणाला अडवू शकत नाही. फुफू एका कोष्टी मैत्रिणीच्या घरी उतरायची. दादी गुळ-तुपाचा मलिदा घेऊन दर्शनाला जायची आणि परत यायला तिला नेहमीपेक्षा दोन-तीन तास जास्त लागायचे. त्या कोष्टी घरात आमच्या दादीने स्वतः कधी चहापलीकडे काही घेतले नव्हते. त्याच घराच्या सोप्यात बसून ती मुलीला मलिदा भरवायची, हे आम्हांला त्या घरच्यांकडून पुष्कळ वर्षांनी कळले. घरची चूल जिथे पुरली नाही तिथे शेजाऱ्याचा सोपा कामी आला, एवढे तरी नोंदवले पाहिजे. आज गावाच्या नावावरून जी भाषणे होतात त्यात या सोप्याचा उल्लेख नसतो.

१९९१ च्या उन्हाळ्यात दादी गेली. मयतीला मधली फुफू आली, आणि दारात कोणी अडवले नाही. चाळिसाव्याला काय शिजवायचे यावरून मात्र पुन्हा वाद. चाचा म्हणाले, रिवाजाप्रमाणे बिर्याणी; तोवर आमच्याकडेही चाळिसाव्याला बिर्याणी हाच रिवाज होऊन बसला होता. फुफू म्हणाली, खिचडा. चाचीने वाद मिटवला. तिने वरच्या फळीवरची बरणी काढून फुफूच्या हातात दिली आणि स्वतः उखळात खपली कांडायला बसली. दोघींनी मिळून खिचडा केला. चव दादीसारखीच झाली होती, आणि त्यात नवल नव्हते, कारण हात तोच होता.

मधल्या फुफूचे वीस गुंठे सातबाऱ्यावर कायम राहिले. तीही आता नाही. नाव तिच्या मुलांचे लागले आहे. कसतो आमचा चुलतभाऊ, आणि कारखान्याचे बिल जमा झाले की त्यांचा वाटा पाठवतो. फुफू होती तोवर तिने पैसे घेतले नाहीत, दर साली एक पोते शाळू मागितला. आमच्या रानात आता कोणी शाळू पेरीत नाही, सगळा ऊस. तेव्हा तो गुरुवारच्या बाजारातून विकत घेऊन, मिरजेच्या गाडीला चढवून पाठवावा लागायचा.